ट्रॅक्टरचा रंग : लोखंडाचे कवच

उमापूरकडील (ता. गेवराई) कडक उन्हात उघड्यावर उभ्या राहणाऱ्या ट्रॅक्टरचा रंग फिका पडतो व बोटाला खडूसारखी भुकटी लागते. उन्हातील अतिनील किरणांनी रंग झिजल्याचे हे लक्षण होय. अशा रंगास पॉलिश करून वर मेण लावावे.

रंग उडाल्यास मात्र ओलावा लोखंडास भिडून गंज चढतो. रासायनिक खताचे कण चिकटून राहिल्यास तो अधिक झपाट्याने पसरतो. गंजावरच रंग देणे व्यर्थ होय. तो आतून लोखंड खातच राहतो.

प्रथम ट्रॅक्टर पाण्याने धुवावा. कोरडी धूळ पुसल्यास ओरखडे पडतात. गंजलेला भाग पॉलिश पेपरने स्वच्छ लोखंड दिसेपर्यंत घासावा. त्यावर रेड ऑक्साइडचा एक हात द्यावा व तो वाळल्यावर एनॅमल रंगाचे दोन पातळ हात सावलीत द्यावेत. शेतकरी बंधूंनी हे काम पावसाळ्यापूर्वी उरकावे.