संमती आणि शरणागती : मथुरा प्रकरणापासून भारतीय न्याय संहितेपर्यंत

प्रस्तावना

लैंगिक अत्याचाराच्या खटल्यात आरोपीबरोबरच पीडित स्त्रीचीही परीक्षा घेतली जाते, हा आपल्या न्यायव्यवस्थेवरील जुना आक्षेप आहे. या आक्षेपाचे मूळ 'संमती' या एका संकल्पनेच्या अर्थात दडलेले आहे. महाराष्ट्रातील मथुरा प्रकरणाच्या आधारे या संकल्पनेचा कायद्यातील प्रवास स्पष्ट करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

प्रकरणाची पार्श्वभूमी

२६ मार्च १९७२ रोजी तत्कालीन चांदा (चंद्रपूर) जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या गडचिरोली जिल्ह्यातील, देसाईगंज पोलीस ठाण्यात ही घटना घडली. मोलमजुरी करणारी एक अनाथ आदिवासी मुलगी भावाने दिलेल्या तक्रारीच्या निमित्ताने रात्री ठाण्यात आली होती. जबाब झाल्यावर इतरांना बाहेर पाठवून तिला थांबवून घेण्यात आले. दोन पोलीस शिपायांनी आपल्यावर अत्याचार केल्याचे तिने बाहेर येताच सांगितले. वैद्यकीय तपासणीत तिचे वय १४ ते १६ वर्षांच्या दरम्यान असल्याचे नमूद झाले. तिचे खरे नाव उघड होऊ नये म्हणून नव्हे, तर खटल्याच्या कागदपत्रांतूनच 'मथुरा' हे नाव प्रसिद्ध झाले. कारण पीडितेची ओळख गुप्त ठेवण्याची तरतूद त्या वेळी कायद्यात नव्हती.

तीन न्यायालये, तीन दृष्टिकोन

सत्र न्यायालयाने १९७४ मध्ये आरोपींची निर्दोष मुक्तता केली. मुलीच्या पूर्वीच्या लैंगिक संबंधांचा आधार घेऊन तिचे म्हणणे अविश्वसनीय ठरविण्यात आले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १९७६ मध्ये हा निर्णय फिरवून दोघांना शिक्षा सुनावली. भीतीपोटी पत्करलेली निमूट शरणागती म्हणजे संमती नव्हे, हा या निकालाचा गाभा होता. सर्वोच्च न्यायालयाने मात्र १९७८ मध्ये 'तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या खटल्यात आरोपींना पुन्हा दोषमुक्त केले. अंगावर जखमा नाहीत, प्रतिकाराच्या खुणा नाहीत, म्हणून संबंधास संमती असावी, असा निष्कर्ष काढण्यात आला.

रात्रीची वेळ, पोलीस ठाणे, समोर गणवेशातील दोन पुरुष आणि एकटी अल्पवयीन मुलगी, या परिस्थितीत प्रतिकार करणे कितपत शक्य होते, हा प्रश्न या निष्कर्षात अनुत्तरित राहिला. हाच प्रश्न उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर व लतिका सरकार या चार विधिज्ञांनी सप्टेंबर १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना लिहिलेल्या खुल्या पत्रात उपस्थित केला. या पत्रानंतर देशभर स्त्री संघटनांचे आंदोलन उभे राहिले.

कायद्यातील बदल

१९८३ च्या दुरुस्तीने भारतीय पुरावा अधिनियमात कलम ११४-अ समाविष्ट झाले. पोलीस कोठडीसारख्या विशिष्ट प्रकरणांत शरीरसंबंध सिद्ध झाला व स्त्रीने आपली संमती नव्हती असे न्यायालयात सांगितले, तर संमती नव्हती असेच गृहीत धरले जाईल, अशी ही तरतूद होय. याच दुरुस्तीने बंद दालनातील सुनावणी व पीडितेची ओळख उघड करण्यास मनाई या तरतुदी आल्या. पीडितेच्या चारित्र्यावर बोट ठेवून तिची साक्ष खोटी ठरविण्याची मुभा देणारे कलम १५५(४) २००२ च्या दुरुस्तीने वगळण्यात आले. २०१३ मध्ये संमतीची व्याख्याच कायद्यात आली. संमती स्वेच्छेने दिलेली व निःसंदिग्ध असावी आणि केवळ शारीरिक प्रतिकार केला नाही म्हणून संमती होती असे मानता येणार नाही, हे त्यात स्पष्ट झाले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मध्ये ही व्याख्या कायम असून ११४-अ ची जागा भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १२० ने घेतली आहे.

तरतूद आणि व्यवहार

तथापि कायद्याची भाषा बदलली की वागणूक आपोआप बदलते असे नाही. पीडितेच्या पूर्वायुष्याविषयी अनुमान काढणाऱ्या 'दोन बोटांच्या चाचणी'वर सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ताशेरे ओढले; तरीही २०२२ मध्ये त्याच न्यायालयाला ती करणे हे गैरवर्तन ठरेल असे बजावावे लागले.

रत्नागिरीसारख्या डोंगराळ जिल्ह्यात हा प्रश्न अधिक बिकट होतो. मंडणगडसारख्या तालुक्यापासून जिल्ह्याचे ठिकाण शंभर किलोमीटरहून अधिक दूर आहे. विखुरलेल्या वाड्यांत सारे एकमेकांना ओळखतात. तेथे तक्रार करणे हेच मोठे धाडस ठरते. अशा स्त्रीला काही गोष्टी ठाऊक असणे अत्यावश्यक आहे. गुन्हा कोणत्याही पोलीस ठाण्यात नोंदविता येतो व तिचा जबाब महिला अधिकाऱ्यानेच नोंदवावयाचा असतो. शासकीय वा खासगी रुग्णालयाने तिच्यावर तत्काळ मोफत उपचार करणे बंधनकारक आहे. वैद्यकीय तपासणी तिच्या संमतीनेच करता येते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून तिला विनामूल्य वकील मिळू शकतो.

समारोप

ज्या मुलीमुळे कायदा बदलला, तिला स्वतःला त्या बदलाचा काहीच लाभ झाला नाही. कारण तिच्या खटल्याचा निकाल १९७८ मध्येच लागला होता. उच्च न्यायालयाने १९७६ मध्ये सांगितलेले तत्त्व कायद्याच्या व्याख्येत येण्यास २०१३ साल उजाडावे लागले. ते तत्त्व पोलीस ठाण्याच्या टेबलापर्यंत आणि रुग्णालयाच्या तपासणी कक्षापर्यंत पोहोचविणे, हे आता पोलीस, डॉक्टर, वकील आणि शिक्षक या सर्वांचे उत्तरदायित्व आहे. 'तू ओरडलीस का नाहीस?' हा प्रश्न ज्या दिवशी पीडितेला विचारला जाणार नाही, त्या दिवशी हा प्रवास पूर्ण झाला असे म्हणता येईल.