जाहीर न झालेल्या निकालावरील पैज : फुटबॉल पुरस्कार, ऑनलाइन भाकीत-बाजार आणि १९४८ चा मुंबई कायदा

प्रस्तावना

पैज लावणारा मनुष्य एक गोष्ट गृहीत धरून चालतो. ज्या घटनेवर तो पैसे लावतो ती अद्याप घडावयाची आहे, त्यामुळे तिचा निकाल त्याच्याइतकाच समोरच्यालाही अज्ञात आहे, हे ते गृहीत होय. सामन्याच्या बाबतीत ते बहुतांशी खरे असते. चेंडू जाळ्यात जाईपर्यंत गोल कोणालाच ठाऊक नसतो. पुरस्काराची गोष्ट वेगळी आहे. पुरस्कार मतदानाने ठरतो, मतदान समारंभापूर्वीच संपते आणि मते मोजणाऱ्यांना निकाल आधी कळलेला असतो. फुटबॉलमधील 'बॅलन डी'ओर' या पुरस्कारावर ऑनलाइन भाकीत-बाजारांत जे पैसे लावले जातात त्यांचे स्वरूप या भेदाच्या आधारे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. मुंबई प्रांताच्या कायद्याने हा भेद १९४८ मध्येच हेरला होता, ही बाब आज फारशी कोणाच्या लक्षात नाही.

भाकीत-बाजाराचे कार्य

भाकीत-बाजारात एक प्रश्न मांडला जातो : अमुक खेळाडूला यंदाचा पुरस्कार मिळेल काय? त्यावर 'होय' आणि 'नाही' असे दोन प्रकारचे हिस्से विकले जातात. भारतात 'ओपिनियन ट्रेडिंग' या नावाने जो प्रकार पसरला त्यात दोन्ही हिश्शांच्या किमतींची बेरीज साधारणतः दहा रुपये ठेवली जात असे. 'होय' सहा रुपयांना असेल तर 'नाही' चार रुपयांना. निकाल लागल्यावर खरा ठरलेला हिस्सा दहा रुपयांचा होतो व दुसरा शून्याचा. म्हणजे सहा रुपये ही किंमत वस्तुतः 'शक्यता साठ टक्के' या मताची किंमत होय. निकालापूर्वी हिस्सा विकून मोकळे होता येते, त्यामुळे या व्यवहाराला शेअर बाजाराचे रूप येते. कंपनी स्वतः पैज लावत नाही. ती दोघांची गाठ घालून देते आणि आपले कमिशन घेते.

या कल्पनेला अभ्यासकांचा आधार आहे. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाने १९८८ च्या अध्यक्षीय निवडणुकीच्या निमित्ताने असा एक बाजार अध्ययनासाठी चालविला. अनेकांपाशी विखुरलेली थोडीथोडी माहिती किमतीच्या रूपाने एकत्र येते, असा त्यामागील युक्तिवाद आहे. तो पोकळ नाही. निवडणुकीत प्रत्येक मतदाराला आपल्या गल्लीपुरते तरी काही ठाऊक असते. परंतु जेथे माहिती विखुरलेलीच नाही, चार-दोन माणसांच्या हाती बंद आहे, तेथे किंमत कशाची बेरीज करणार?

२८ ऑक्टोबर २०२४ चा दिवस

'बॅलन डी'ओर' हा पुरस्कार 'फ्रान्स फुटबॉल' या नियतकालिकाने १९५६ मध्ये सुरू केला. पुरुषांच्या पुरस्कारासाठी २०२२ पासून फिफा क्रमवारीतील पहिल्या १०० देशांचा प्रत्येकी एक पत्रकार मत देतो. २०२४ मध्ये तीस नामांकित खेळाडूंपैकी दहा जणांना क्रमाने निवडायचे होते. पहिल्याला १५ गुण, दुसऱ्याला १२, तिसऱ्याला १० अशी उतरती रचना होती. भारताचा संघ २०२४ च्या उत्तरार्धात क्रमवारीत १२० च्या पलीकडे होता. साहजिकच या शंभरांत भारतीय पत्रकार नव्हता.

त्या वर्षी रिअल माद्रिदचा ब्राझीलियन खेळाडू व्हिनिसियस ज्युनियर हाच विजेता ठरणार अशी सार्वत्रिक समजूत होती आणि सट्ट्याचे भावही तेच सांगत होते. २८ ऑक्टोबर रोजी, पॅरिसमधील समारंभाच्या काही तास आधी, रिअल माद्रिदचे पथक पॅरिसला जाणार नाही अशी बातमी फुटली. भाव तत्क्षणी उलटले. सायंकाळी मँचेस्टर सिटीच्या रॉड्रीचे नाव पुकारले गेले. पुढे जाहीर झालेल्या गुणांनुसार रॉड्रीला ११७० आणि व्हिनिसियसला ११२९ गुण मिळाले होते; अंतर अवघे ४१ गुणांचे.

या प्रसंगाचा अर्थ नीट पाहिला पाहिजे. त्या दुपारी खेळाच्या मैदानावर काहीही घडले नव्हते. रॉड्री अधिक चांगला खेळला नाही, व्हिनिसियस वाईट खेळला नाही, एकही मत बदलले नाही. बदलले ते एवढेच की, निकाल बंद पाकिटातून थोडासा बाहेर डोकावला. समजा, एखाद्याने आदल्या दिवशी व्हिनिसियसचा 'होय' हिस्सा नऊ रुपयांना घेतला. जिंकल्यास त्याला एक रुपया मिळणार होता आणि हरल्यास नऊ जाणार होते. वर्षभर सामने पाहून त्याने कमावलेले ज्ञान येथे निरुपयोगी ठरले, कारण त्याच्या समोरची बाजू खेळाचे नव्हे, तर विमानाच्या तिकिटांचे ज्ञान घेऊन बाजारात उतरू शकत होती.

हे केवळ फुटबॉलपुरते नाही. १० ऑक्टोबर २०२५ रोजी व्हेनेझुएलाच्या मारिया कोरिना माचाडो यांना शांततेचे नोबेल पारितोषिक जाहीर झाले. घोषणेच्या काही तास आधी 'पॉलिमार्केट' या बाजारात त्यांची शक्यता चार टक्क्यांच्या आसपासवरून सत्तर टक्क्यांच्या वर गेली होती. निकाल फुटला काय, याची चौकशी नोबेल संस्थेला हाती घ्यावी लागली.

शब्दकोड्यांचा खटला

मुंबई प्रांताचा लॉटरी व बक्षीस स्पर्धा नियंत्रण आणि कर कायदा १९४८ चा. त्यातील 'बक्षीस स्पर्धा' या संज्ञेच्या व्याख्येत भावी घटनेचा निकाल वर्तविण्याच्या स्पर्धा तर होत्याच. त्याबरोबरच जी घटना घडून गेली आहे, परंतु जिचा निकाल अद्याप निश्चित झालेला नाही किंवा सर्वसाधारणपणे ज्ञात झालेला नाही, तिच्या भाकिताच्या स्पर्धाही होत्या. 'सर्वसाधारणपणे ज्ञात झालेला नाही' ही शब्दयोजना विलक्षण अचूक म्हणावी लागेल. कोणाला तरी तो ज्ञात आहे, ही शक्यता मसुदाकारांनी गृहीत धरलेली दिसते. मते पडून गेलेली, पाकीट बंद झालेले आणि नाव पुकारावयाचे बाकी असलेला पुरस्कार या वर्णनात तंतोतंत बसतो.

याच कायद्यावरून मुंबई राज्य विरुद्ध आर. एम. डी. चमारबागवाला हा प्रसिद्ध खटला उभा राहिला. बंगळुरूहून प्रसिद्ध होणाऱ्या 'स्पोर्टिंग स्टार' या साप्ताहिकातून शब्दकोड्यांची स्पर्धा चालविली जात असे आणि साप्ताहिकाचा मुंबई राज्यात मोठा खप होता. स्पर्धकाचे उत्तर अर्थदृष्ट्या योग्य असणे तेथे पुरेसे नव्हते. आयोजकांनी आधीच ठरवून ठेवलेल्या उत्तराशी ते जुळावे लागे. मुंबई उच्च न्यायालयाने आयोजकांच्या बाजूने निर्णय दिला, परंतु ९ एप्रिल १९५७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो फिरविला. सरन्यायाधीश सुधी रंजन दास यांच्या निकालपत्रात ऋग्वेदापासूनच्या द्यूतनिंदेचा परामर्श आहे. जुगार हा व्यापार नव्हे, म्हणून त्याला व्यापारस्वातंत्र्याचे घटनात्मक संरक्षण नाही, हे तत्त्व त्यातून प्रस्थापित झाले. अंक बंगळुरूला छापला जात असला तरी प्रवेशपत्रिका भरणे आणि शुल्क देणे मुंबई राज्यात घडते, तेवढा संबंध राज्याच्या अधिकारासाठी पुरेसा आहे, हेही न्यायालयाने मान्य केले. बंगळुरूच्या छापखान्याऐवजी आज परदेशातील सर्व्हर आला आहे. पैसे देणारा हात मात्र येथलाच राहिला आहे.

माहूरचा परिसर त्या काळी किनवट तालुक्यात व तो तालुका हैदराबाद राज्याच्या अदिलाबाद जिल्ह्यात होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी तो मुंबई राज्यात आला, म्हणजे या निकालाच्या पाच महिने आधी.

कापसाचा आकडा आणि येथील अनुभव

माहूर-किनवटच्या कापूस पिकविणाऱ्या शेतकऱ्याला दूरच्या आकड्यावरील पैजेचा इतिहास परका वाटू नये. न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचे उघडते व बंद होते भाव तारेने मुंबईला येत आणि त्यांवर पैसे लागत. १९६१ नंतर हे भाव येणे बंद झाले, तेव्हा सटोडियांनी आकडे चिठ्ठ्यांतून काढावयास प्रारंभ केला. कल्याणजी भगत व रतन खत्री यांच्या नावांशी जोडलेला मटका तो हाच. 'ओपन' आणि 'क्लोज' हे त्यातील शब्द कापसाच्या भावांचे अवशेष होत. आकडा ज्याच्या हातातून निघतो त्याला तो आधी ठाऊक असू शकतो, हा संशय मटक्याला कायम चिकटून राहिला. मटका लावणाऱ्याला निदान आपण जुगार खेळतो आहोत हे माहीत असे. भाकीत-बाजार मात्र 'मत', 'अभ्यास', 'ट्रेडिंग' अशी भाषा वापरतो, आणि स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या तरुणाला ती भाषा अधिक सहज पटते. पैजेपेक्षा हा वेश जास्त घातक आहे.

'सेबी'ने २९ एप्रिल २०२५ रोजी या वेशावर नेमके बोट ठेवले. ओपिनियन ट्रेडिंगमध्ये ज्याची खरेदी-विक्री होते ते रोखे नव्हेत, त्यामुळे हे मंच आपल्या नियमनाखाली येत नाहीत आणि गुंतवणूकदारांसाठीचे संरक्षण तेथे मिळणार नाही, असे तिने जनतेला कळविले. आतील माहितीच्या आधारे शेअर खरेदी करणाऱ्यावर 'सेबी' कारवाई करू शकते. बंद पाकिटातील नाव आधी कळलेल्या माणसाने 'होय' हिस्से घेतले तर तशी कोणतीही तरतूद तिच्यापाशी नव्हती. त्यानंतर संसदेने ऑनलाइन गेमिंग प्रोत्साहन व नियमन कायदा, २०२५ संमत केला आणि २२ ऑगस्ट २०२५ रोजी त्यास राष्ट्रपतींची संमती मिळाली. कौशल्य की नशीब, हा चमारबागवाला खटल्यापासून चालत आलेला वाद त्याने पैशांच्या ऑनलाइन खेळांपुरता बाजूला सारला. असे खेळ चालविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड, तर जाहिरात करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास व पन्नास लाखांपर्यंत दंड अशा शिक्षा त्यात आहेत. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. कायद्याने त्याला गुन्हेगार न मानता नुकसान सोसणारा मानले आहे. पुरस्काराच्या पैजेत पाकीट कोणी उघडले हे त्याला कधीच कळत नाही, हे लक्षात घेता ही भूमिका योग्यच म्हणावी लागते.