अमेरिकेतला रोजा

रोजाला सीमा दोनच: पहाट फुटणे आणि सूर्य मावळणे. मुस्लिमबहुल देशांत रमजान लागला की कचेऱ्यांच्या वेळा बदलतात, बाजार रात्री फुलतो. सगळे शहरच उपासाच्या बाजूने कलते. अमेरिकेत मुस्लिमांचे प्रमाण जेमतेम एक टक्का. तिथे शहर जागचे हलत नाही, हलावे लागते ते घराला.

चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा सुमारे 11 दिवसांनी लहान असल्यामुळे रमजान दरवर्षी मागे सरकतो. 2015 साली तो जूनमध्ये सुरू झाला, तेव्हा मिशिगनमध्ये सूर्य रात्री नऊनंतर मावळे आणि रोजा सतरा तासांचा होई. 2025 साली तो मार्चमध्ये आला आणि मध्येच, 9 मार्चला, देशाची घड्याळे तासभर पुढे झाली. मिशिगनमधल्याच डेट्रॉइट परिसरात आदल्या दिवशी साडेसहाच्या सुमारास असलेला इफ्तार, म्हणजे रोजा सोडण्याची वेळ, साडेसातवर गेला. रोजा वाढला नव्हता, कारण पहाटेची सहरीही, म्हणजे रोजाआधीचे खाणे, तासाने पुढे सरकली होती. पण ऑफिस सुटल्यापासून खजूर तोंडात पडेपर्यंतचा वेळ मात्र लांबला. महामार्गावरच सूर्यास्त गाठणारे नोकरदार गाडीच्या खणात खजुराची डबी आणि पाण्याची बाटली ठेवतात.

शाळेत खरी परीक्षा जेवणाच्या सुट्टीत. वयात येईपर्यंत रोजा बंधनकारक नसतो, तरी मोठ्यांचे पाहून मुले हट्टाने अर्ध्या दिवसाचा उपास धरतात. मग डबे उघडलेल्या कॅन्टीनपेक्षा वाचनालयाचा कोपरा बरा वाटतो. अनेक शाळा तशी मुभा देतात. नोकरीच्या ठिकाणी 1964 च्या नागरी हक्क कायद्याचा आधार आहे: मालकाला फार मोठा बोजा होत नसेल तर धर्माचरणासाठी सवलत द्यावी लागते. व्यवहारात अनेक जण जेवणाची सुट्टी न घेता लवकर निघण्याची तडजोड करतात. रोजा ठेवून कामगिरी घसरतेच असे नाही, याचे ठळक उदाहरण बास्केटबॉलपटू हकीम ओलाजुवान. रमजान फेब्रुवारीत आला त्या 1995 साली तो एनबीएचा त्या महिन्याचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

शनिवारी-रविवारी मशिदीच्या तळघरात सामुदायिक इफ्तार होतो. कागदी ताटात हैदराबादी बिर्याणीशेजारी अरबी मन्साफ आणि कृष्णवर्णीय अमेरिकी घरातली बीन पाय! एकेका प्रांताच्या मोहल्ल्यात राहून हे ताट वाट्याला आले नसते. पुढे तरावीहची, म्हणजे रमजानमधली रात्रीची नमाज रात्री उशिरापर्यंत चालते आणि पेंगुळलेल्या मुलांना उचलून गाडीत न्यावे लागते.

ईदची तारीख हा वेगळाच पेच. उत्तर अमेरिकेची फिक्ह (इस्लामी धर्मशास्त्र) परिषद खगोलगणितावरून ती आधीच ठरवते. काही मशिदी मात्र डोळ्यांनी चंद्र दिसण्याची वाट पाहतात, त्यामुळे कधीकधी एकाच शहरात ईद दोन वेगवेगळ्या दिवशी होते. न्यूयॉर्कच्या सरकारी शाळांनी 2015-16 पासून ईदची सुट्टी दिली. जिथे सुट्टी नसते तिथे रजेचा अर्ज आधीच द्यावा लागतो, आणि चंद्राची वाट पाहणाऱ्या घरात त्यावर दोन तारखा लिहिलेल्या असतात.