निर्देशांकाबाहेरचे नुकसान

2 एप्रिल 2025 रोजी अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी जवळजवळ साऱ्या जगाच्या मालावर नवे आयातशुल्क जाहीर केले. किमान दर 10 टक्के होता. भारतासाठी तो 26, चीनसाठी 34 आणि व्हिएतनामसाठी 46 टक्के ठरला. पुढच्या दोन दिवसांत अमेरिकेचा ‘एस अँड पी 500’ हा निर्देशांक दहा टक्क्यांहून अधिक घसरला. 7 एप्रिलच्या सोमवारी हाँगकाँगचा हँगसेंग तेरा टक्क्यांनी, तर मुंबईचा सेन्सेक्स 2,226 अंकांनी कोसळला. 9 एप्रिलला चीन वगळता इतर देशांवरच्या वाढीव शुल्काला नव्वद दिवसांची स्थगिती मिळाली आणि त्या एका दिवसात अमेरिकी निर्देशांक साडेनऊ टक्क्यांनी उसळला. 27 जूनला त्याने नवा उच्चांकही गाठला. एवढे पाहून अनेकांनी निष्कर्ष काढला की व्यापारयुद्ध म्हणजे चार दिवसांचा गोंधळ. बाजार सावरला म्हणजे अर्थव्यवस्थाही सावरली. हा निष्कर्ष चुकीचा आहे. शेअर निर्देशांक मोठ्या कंपन्यांच्या नफ्याची अपेक्षा मोजतो. व्यापारयुद्धाचा भार मात्र बहुतांशी अशा लोकांवर पडतो, ज्यांना त्या निर्देशांकात जागाच नाही.

आधी हे शुल्क भरतो कोण, ते पाहू. चिनी मालावर शुल्क लागले की चीन ते भरतो, असे राजकीय भाषणांतून भासवले जाते. प्रत्यक्षात माल बंदरात उतरवून घेणारा आयातदार ते भरतो आणि जमेल तेवढे पुढे ग्राहकाकडून वसूल करतो. जानेवारी 2018 मध्ये अमेरिकेने आयात वॉशिंग मशीनवर शुल्क लावले, त्याचे परिणाम तिथल्या मध्यवर्ती बँकेच्या आणि शिकागो विद्यापीठाच्या अर्थतज्ज्ञांनी तपासले. मशीनच्या किमती सुमारे बारा टक्क्यांनी वाढल्या होत्या. कपडे वाळवण्याच्या यंत्रांवर शुल्क नव्हते, तरी तीही तेवढीच महागली, कारण दोन्ही यंत्रे जोडीने विकली जातात. कारखान्यांत सुमारे 1,800 नवे रोजगार आले, पण त्यातल्या एकेका रोजगारामागे ग्राहकांवर वर्षाला आठ लाख डॉलरहून अधिक भार पडला. हा भार कोट्यवधी घरांत थोडा थोडा विभागला गेला, म्हणून त्याची बातमी झाली नाही.

मग बाजार शांत कसा होतो? पहिले कारण असे की गुंतवणूकदाराला ठाऊक असलेल्या वाईट बातमीपेक्षा अनिश्चितता जास्त घाबरवते. शुल्क किती ते एकदा कळले की कंपन्या हिशेब मांडतात आणि भावही त्यानुसार बसतात. दुसरे कारण म्हणजे मोठ्यांचे म्हणणे लवकर ऐकले जाते. एप्रिलच्या त्या आठवड्यात शेअर्सबरोबर अमेरिकी सरकारचे कर्जरोखेही विकले जाऊ लागले आणि दहा वर्षांच्या रोख्यांवरील व्याजदर चार टक्क्यांच्या खालून साडेचारच्या आसपास चढला. संकटात जगाचा पैसा ज्या रोख्यांकडे धावतो, त्यांच्यापासूनच तो दूर पळू लागला आणि सरकार काही दिवसांत मागे हटले. 11 एप्रिलच्या रात्री स्मार्टफोन आणि संगणकांना 2 एप्रिलच्या या ‘जशास तसे’ शुल्कातून वगळण्यात आले. चीनमधून खेळणी किंवा स्वयंपाकघरातली भांडी मागवणाऱ्या छोट्या आयातदाराला अशी सूट मिळाली नाही. चीनवरचे शुल्क वाढत गेल्याने काही आठवडे त्याच्या मालावर 145 टक्के शुल्क होते. त्यातच अवघ्या सात बड्या तंत्रज्ञान कंपन्यांचे एस अँड पी 500 मधले वजन एक तृतीयांशाच्या घरात आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या आशेवर त्या वर गेल्या की निर्देशांकही वर जातो.

त्या वर्षीचा ऑगस्ट या दृष्टीने बोलका आहे. येल विद्यापीठाच्या बजेट लॅबच्या अंदाजानुसार अमेरिकेचा सरासरी शुल्कदर वर्षारंभी अडीच टक्क्यांच्या आसपास होता. ऑगस्टमध्ये तो अठरा टक्क्यांपुढे, म्हणजे 1930 च्या दशकानंतरच्या सर्वोच्च पातळीवर पोचला. तरीही बाजार उच्चांकाजवळच होता. धमकी येते आणि मग माघार होते, हे गुंतवणूकदारांनी गृहीत धरले होते. यातून एक घातक चक्र तयार होते. माघार होईल या भरवशावर बाजार शांत राहतो आणि बाजार शांत आहे म्हणून माघारीची गरज उरत नाही. एप्रिलमध्ये ज्या भीतीने धोरणाला लगाम घातला, तीच ओसरल्यावर शुल्क मात्र टिकून राहिले.

या काळात किंमत मोजत होता शेतकरी. याआधी 2018 मध्येही चीनने अमेरिकी सोयाबीनवर 25 टक्के शुल्क लावले, तेव्हा चीनला होणारी वर्षाला सुमारे 12 अब्ज डॉलरची निर्यात तीन अब्जांवर आली आणि ती बाजारपेठ ब्राझीलने घेतली. अमेरिकी सरकारला दोन वर्षांत 28 अब्ज डॉलरची मदत जाहीर करावी लागली. सप्टेंबर 2025 मध्ये तर चीनने अमेरिकेकडून सोयाबीनचा दाणाही आयात केला नाही. त्याच महिन्यात एस अँड पी 500 नवनवे उच्चांक नोंदवत होता.

आपल्याकडेही हेच घडले. रशियन तेलाच्या खरेदीचे कारण देऊन अमेरिकेने 27 ऑगस्ट 2025 पासून भारतीय मालावरचे शुल्क 50 टक्क्यांवर नेले. त्या दिवशी गणेश चतुर्थीमुळे मुंबईचा बाजार बंद होता. आदल्या आणि नंतरच्या दिवसाची मिळून सेन्सेक्सची घसरण दोन टक्क्यांच्या आत राहिली. परंतु कापड आणि तयार कपड्यांच्या निर्यातदारांचे कंबरडे मोडण्याची वेळ आली होती. त्यांना दिलासा म्हणून केंद्राने 19 ऑगस्टपासून कापसावरचे 11 टक्के आयातशुल्क स्थगित केले आणि ही मुदत पुढे डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली. गिरण्यांची अडचण खरी होती. पण स्वस्त परदेशी गाठींची वाट मोकळी झाली ती विदर्भ-मराठवाड्यातला कापूस बाजारात येण्याच्या ऐन हंगामात. वॉशिंग्टनने कपड्यांवर लावलेल्या शुल्काचे ओझे असे यवतमाळच्या कापूस उत्पादकाच्या भावावर येऊन पडले.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की शेअर बाजार आता श्रीमंतांचाच राहिलेला नाही. पेन्शन आणि म्युच्युअल फंडांतून सामान्यांचा पैसाही तिथे आहे. हे खरे आहे, पण हिस्सा पाहावा लागतो. अमेरिकेत शेअर्सची सुमारे नऊ-दशांश मालकी वरच्या दहा टक्के कुटुंबांकडे आहे. ज्याची थोडी बचत फंडात आणि सगळी मिळकत पगारात आहे, त्याचे फंडातल्या वाढीने नोकरीचे नुकसान भरून निघत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: चीन सरकारी मदतीच्या बळावर इतरांचे उद्योग बुडवतो, मग शुल्काखेरीज उपाय काय? तक्रार रास्त आहे, पण उपाय लागू पडलेला नाही. 2025 च्या पहिल्या अकरा महिन्यांतच चीनचा जगाबरोबरचा व्यापार अधिशेष एक लाख कोटी डॉलरपुढे गेला. अमेरिकेत अडलेला माल दुसऱ्या देशांकडे वळला. शिवाय दुर्मीळ खनिजांची निर्यात रोखून चीनने वाहन आणि शस्त्रास्त्र उद्योगांची नाडी आवळली. एखादा निवडक उद्योग वाचवण्यासाठी ठरावीक मुदतीचे, कारणे स्पष्ट केलेले शुल्क समजू शकते. रोज बदलणाऱ्या सरसकट शुल्कामुळे कारखाना कुठे उभारावा हेच उद्योजकाला ठरवता येत नाही, आणि न उभारलेला कारखाना कोणत्याच निर्देशांकात दिसत नाही.

बाजाराकडे दुर्लक्ष करा, असे यातून सुचवायचे नाही. एप्रिलमध्ये त्यानेच एक मोठी चूक थांबवली. परंतु तो अचानक बसलेला धक्का तेवढा नोंदवतो, हळूहळू होणारी झीज नाही. म्हणून दोन देशांत करार झाल्याची बातमी आली की सेन्सेक्स किती वधारला यावर थांबू नये. सवलत कोणाला मिळाली, ती कोणाच्या खिशातून दिली गेली आणि त्याची भरपाई कधी होणार, हे सरकारला विचारायला हवे. शेतमालाचे भाव, छोट्या निर्यातदारांच्या ऑर्डरी आणि कामगारांचे भरलेले दिवस यांची नोंद निर्देशांकाइतक्याच तत्परतेने लोकांसमोर आली, तरच त्यांच्या नुकसानीलाही धोरण बदलण्याचे बळ येईल.