टाउनलींच्या खोलीत न मावणारे पुतळे

श्रीमंत संग्राहकाचं चित्र पाहताना आपली नजर आधी माणसावर जाते, मग त्याच्या वस्तूंवर. योहान झोफनीने काढलेल्या चार्ल्स टाउनलींच्या चित्रापुढे हा क्रम उलटा करावा. १७८१ ते १७८३ या काळात रंगवलेल्या, सव्वा मीटर उंचीच्या या कॅनव्हासवर लंडनच्या पार्क स्ट्रीटवरच्या घरातलं ग्रंथालय दिसतं. त्यात चार पुरुष, पायाशी कुत्रा आणि भोवती अंगावर येणारी संगमरवराची दाटी. पुतळे एकेक करून ओळखता येतात. ओस्तियाला सापडलेली व्हीनस आहे, मेजावर टाउनलींचा लाडका ‘क्लायटी’चा अर्धपुतळा आहे. पण ही शिल्पं एका खोलीत कधीच नव्हती. मोठे पुतळे जेवणाच्या दालनात होते, बाकीचे घरभर. एकटी व्हीनसच सात फुटांची. म्हणजे शिल्पं खरी, मांडणी रचलेली. म्हणूनच हे चित्र घराची नोंद म्हणून न वाचता, आपण कोण आहोत याबद्दल टाउनलींनी केलेला दावा म्हणून वाचायला हवं.

यावर कुणी म्हणेल, चित्रकाराने सोयीसाठी सगळं एका चौकटीत आणलं, एवढंच. पण सोयीपुरतं असतं तर काम १७८३ला संपलं असतं. रोमन सम्राट हेड्रियनच्या टिव्होलीजवळच्या महालात थाळीफेक्याचा पुतळा सापडला १७९१ साली, आणि तो या चित्रात डावीकडे खाली उभा आहे! १७९८मध्ये तो मुद्दाम रंगवून घेतला गेला. चित्र पुरं झाल्यावर पंधरा वर्षांनी त्यात भर घालावीशी वाटते, ती मालकाला आपला दावा अद्ययावत ठेवायचा असतो म्हणून. मग हे निव्वळ श्रीमंतीचं प्रदर्शन का? मला तसं वाटत नाही. टाउनली कॅथलिक होते, आणि त्या काळी कॅथलिकांना ब्रिटिश संसदेची दारं बंद होती. चित्रात त्यांच्यासोबत बसलेले द’आंकारव्हील हे प्राचीन कलेचे अभ्यासक, याच संग्रहावर काम करणारे. सार्वजनिक जीवनात जे स्थान मिळणं शक्य नव्हतं, ते विद्वत्तेच्या बैठकीत मिळवायचं, असा हा प्रयत्न आहे. या बैठकीत जिवंत स्त्री एकही नाही. स्त्रिया आहेत त्या संगमरवरी.

चित्रात काय नाही, हेही तितकंच बोलकं आहे. १७८६ साली प्राचीन कलेचे अभ्यासक रिचर्ड पेन नाइट यांनी छापलेल्या पुस्तकात टाउनलींच्या संग्रहातल्या एका भारतीय शिल्पखंडाचं चित्र आहे. तो मुंबईजवळच्या घारापुरीहून आणल्याचं तिथे म्हटलंय. १७९८मध्ये थाळीफेक्यासाठी जागा निघाली, या दगडासाठी नाही. तो मैथुनशिल्पाचा तुकडा असल्याने बैठकीच्या चित्रात टाळला असेल, ही शंका रास्त आहे, आणि ती मी खोडून काढू शकत नाही. पण तसं असलं, तरी काय दाखवायचं याची निवड झाली होती, हेच त्यातून ठरतं. संग्रहात भारत होता. टाउनलींनी जगापुढे ठेवलेल्या प्रतिमेत फक्त ग्रीस आणि रोम.

टाउनली १८०५ साली वारले. त्याच वर्षी त्यांचे संगमरवरी पुतळे वीस हजार पौंडांना ब्रिटिश म्युझियमसाठी विकत घेतले गेले. चित्र बर्न्लीच्या टाउनली हॉलमध्ये आहे, आणि ते सगळे पुतळे एका खोलीत आजही फक्त त्या चित्रातच दिसतात.