बहात्तरावा हिस्सा

तेरहून एका वाचकांचे पत्र आले आहे. माळ्यावरच्या सामानाची आवराआवर करताना त्यांना एक पुठ्ठ्याचा खोका सापडला आणि त्यात दुसऱ्या महायुद्धातील 'फोक-वुल्फ १९०' या जर्मन लढाऊ विमानाची प्लॅस्टिकची अर्धवट प्रतिकृती निघाली. मुंबईस नोकरीला असलेल्या काकांनी ती त्यांना शाळकरी वयात आणून दिली होती. धड जोडून झाले, डावा पंख बसला, मग दहावीची परीक्षा आली आणि विमान जे राहिले ते राहिलेच. निवृत्तीनंतर ते पुरे करण्याचा आता त्यांचा मानस असून त्यांनी तीन प्रश्न विचारले आहेत: इतक्या वर्षांनी हे प्लॅस्टिक जुळेल काय, पिवळी पडलेली चिन्हे वापरता येतील काय, आणि खोक्यावर 'हुबेहूब' असा जो दावा छापलेला आहे तो कितपत खरा मानावा? पहिल्या दोहोंचा निकाल चटकन लागण्यासारखा आहे; तिसऱ्यासाठी मात्र गॉटिंगेनपासून बंगळूरपर्यंत मजल मारावी लागेल.

प्लॅस्टिक खुशाल जोडावे. अशा किटचे भाग पॉलिस्टायरीनचे असतात आणि ते जोडण्यासाठी जो द्रव मिळतो तो मुळात द्रावक असतो. दोन्ही कडांना तो लावला म्हणजे पृष्ठभाग मऊ पडतो, दोहोंकडच्या दीर्घ रेणुसाखळ्या एकमेकींत शिरून गुंततात, आणि द्रावक उडून गेला की दोन तुकड्यांचा एक तुकडा होतो. या साखळ्यांचा वैरी म्हणजे सूर्यप्रकाशातील अतिनील किरण. अंधाऱ्या खोक्यात चाळीस वर्षे काढूनही त्यांचे फारसे बिघडत नाही. सांध्याच्या कडेवर त्या काळी रंग लावलेला असेल तर तो आधी खरवडून काढावा, कारण द्रावक प्लॅस्टिकपर्यंत पोहोचलाच नाही तर रंगाला रंग चिकटेल आणि पंख हातात येईल. फेव्हिकॉल पॉलिस्टायरीनला विरघळवीत नसल्यामुळे येथे कुचकामी. परंतु वैमानिकाच्या डोक्यावरचा पारदर्शक घुमट बसविताना तोच उत्तम, कारण फेव्हिक्विकची वाफ त्या घुमटावर पांढुरके सावट धरते आणि द्रावकाचा एक थेंब त्याला कायमचा आंधळा करून टाकतो. काम खिडकी उघडी ठेवून करावे, एवढी सूचना पुरे.

दोन अर्धी जोडून एक पोकळ वस्तू घडविण्याची ही रीत तेरच्या रहिवाशाला परकी वाटण्याचे कारण नाही. गोरोबाकाकांच्या या गावी, रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालयात, ज्या सातवाहनकालीन मृण्मूर्ती जपून ठेवलेल्या आहेत त्यांत दुहेरी साच्याच्या मूर्ती आहेत: पुढची बाजू एका साच्यात, मागची दुसऱ्यात, आणि माती ओलसर असतानाच दोन्हींच्या कडा जुळवून, सांधा घोटून, आत पोकळी राखून घडविलेल्या. 'पेरिप्लस' या प्राचीन ग्रीक सागरी मार्गवर्णनाच्या कर्त्याने ज्याचा उल्लेख केला ते 'तगर' म्हणजे हेच तेर, आणि रोमन जगाशी चाललेल्या व्यापाराच्या वाटेनेच हे तंत्र येथे पोहोचले असावे असे अभ्यासक मानतात. किटमधल्या विमानाचे धडही असेच डावे आणि उजवे असे दोन साच्यांतून निघते. आणि पाठीवरून शेपटीपर्यंत जाणारी सांध्याची रेष पाण्याच्या पॉलिश पेपरने घासून नाहीशी करणे, यातच त्या प्राचीन कुंभाराप्रमाणे आजच्या कारागिराचीही परीक्षा होते.

चिन्हांची, म्हणजे डिकलांची, गोष्ट थोडी गमतीची आहे. कागद खिडकीच्या काचेला आतून चिकटवून काही दिवस उन्हात ठेवला तर त्यांच्या पातळ पापुद्र्याचा पिवळेपणा पुष्कळसा फिका पडतो. जे ऊन प्लॅस्टिकला पिवळे करते तेच येथे पिवळेपणा उतरविते! पाण्यात सोडण्यापूर्वी त्यांवर पारदर्शक लॅकरचा एक हात मात्र अवश्य द्यावा, नाहीतर जुना पापुद्रा पाण्यात पडताच त्याचे तुकडे होतात.

आता तो 'हुबेहूब'चा दावा. प्रतिकृती बहात्तरास एक या प्रमाणाची आहे, असे पत्रात म्हटले आहे. खऱ्या विमानाच्या पंखांचा विस्तार साडेदहा मीटर. त्याचा बहात्तरावा हिस्सा सुमारे साडेचौदा सेंटिमीटर, आणि येथवर खोका खरे बोलतो. परंतु लांबी बहात्तर पटींनी घटली की क्षेत्रफळ ५,१८४ पटींनी घटते आणि घनफळ ३,७३,२४८ पटींनी. म्हणून तोफा, इंधन आणि वैमानिक यांसह सुमारे ४,४०० किलोग्रॅम भरणारे ते विमान खरोखरच त्याच द्रव्यांनिशी या मापात उतरविता आले असते, तर त्याचे वजन बारा ग्रॅमच्या आसपास, म्हणजे जवळजवळ बरोबर एक तोळा भरले असते! त्याचा धातूचा पत्रा माणसाच्या केसाहूनही पातळ झाला असता. उलट, पंखाची मागची कड प्लॅस्टिकमध्ये अर्धा मिलिमीटर जाड राहिली तर तिचा हिशेब खऱ्या विमानावर ३६ मिलिमीटर होतो. जी कड धारेसारखी निमुळती असावयाची ती सुमारे दीड इंच जाडीची फळी होऊन बसते. वाचकांनी ती कड आतून घासून पातळ करावी. साऱ्या विमानाचे रूप तेवढ्याने पालटते.

आकाराचे हे झाले. वाऱ्याचे प्रकरण याहून बिकट आहे. छोटी प्रतिकृती वातविवरात टांगून तिच्यावरून हवा सोडली, तर मोठ्या विमानावरचा प्रवाह तसाच वागेल काय? मँचेस्टरच्या ऑस्बर्न रेनल्ड्स यांनी १८८३ साली नळीतल्या पाण्यावर प्रयोग करून जे दाखविले त्याचा इत्यर्थ असा, की वेग, लांबी आणि घनता यांच्या गुणाकाराचे त्या प्रवाही पदार्थाच्या श्यानतेशी (दाटपणाशी) असलेले गुणोत्तर दोन्हीकडे सारखे असेल तरच दोन प्रवाह सारखे वागतात. लांबी बहात्तर पटींनी घटविली तर वेग तितकाच वाढवावयास हवा. म्हणजे ताशी ६०० किलोमीटरने जाणाऱ्या विमानाची परीक्षा घेण्यासाठी चिमुकल्या प्रतिकृतीवर ताशी ४३,२०० किलोमीटरचा वारा सोडावा लागेल, आणि ध्वनीच्या पस्तीसपट वेगाचा तो वारा वेगळ्याच नियमांनी चालत असल्यामुळे सगळी तुलनाच रद्दबातल होईल. या पेचातून सुटण्याची जी युक्ती निघाली ती मला वायुगतिकीच्या इतिहासात सर्वांत देखणी वाटते. गॉटिंगेनच्या लुडविग प्रांटल यांचा शिष्य मॅक्स मुंक अमेरिकेत गेला आणि त्याने सांगितले, की वेग वाढत नसेल तर घनता वाढवा: सबंध वातविवर एका पोलादी टाकीत कोंडा आणि आतली हवा वीस वातावरणांपर्यंत दाबा, म्हणजे विसास एक या प्रमाणाची प्रतिकृतीही खऱ्या विमानाच्या बरोबरीने साक्ष देऊ लागेल. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात लँगली येथे तशी टाकी उभी राहिली आणि तिने अमेरिकन विमानविद्येचे पारडे फिरविले.

याच प्रांटल यांच्या हाताखाली १९३६ साली आणखी एका विद्यार्थ्याने डॉक्टरेट मिळविली, आणि तो कोल्हापूरकडचा होता. विष्णु माधव घाटगे हे नाव आपल्याकडे किती जणांना ठाऊक आहे? सोलापूरच्या मातीत जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर संस्थानच्या साहाय्याने बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्टची स्थापना केली, युद्धकाळात तेथे परदेशी विमानांची जुळणी आणि दुरुस्ती झाली, आणि त्या कारखान्याला जुळणीकडून आरेखनाकडे नेण्याचे कार्य घाटगे यांनी केले. ऑगस्ट १९५१ मध्ये आकाशात चढलेले 'एच टी २' हे प्रशिक्षण विमान त्यांच्याच नेतृत्वाखाली आखलेले. त्यावर भारतीय वैमानिकांच्या पिढ्या शिकल्या आणि घानाच्या हवाई दलानेही ते घेतले.

येथे वाचकांच्या खोक्यातले विमान पुन्हा उपयोगी पडते, कारण 'फोक-वुल्फ १९०' ज्यांनी आखले ते कुर्ट टँक १९५६ साली बंगळूरलाच आले, आणि त्यांच्या देखरेखीखाली 'मारुत' हे आपले पहिले जेट लढाऊ विमान आकारास आले. त्या वेळी प्रमाणाचा प्रश्न बंगळूरकरांनी असा सोडविला, की प्रतिकृतीच एकास एक मापाची केली: संपूर्ण आकाराचे, दोन आसनांचे, इंजिन नसलेले लाकडी ग्लायडर १९५९ साली डाकोटा विमानाच्या मागे दोराने ओढून वर न्यावयाचे, सोडून द्यावयाचे, आणि मंद वेगात व उतरताना ते कसे वागते हे पाहावयाचे. अशी उड्डाणे सत्तरांहून अधिक झाली. जून १९६१ मध्ये खरा मारुत उडाला, १९७१ च्या युद्धात लढला. त्याच्या नशिबी आलेली इंजिने मात्र त्याच्या बांध्याला अखेरपर्यंत अपुरी पडली, आणि ही उणीव कोणत्याही लाकडी प्रतिकृतीने भरून काढण्याजोगी नव्हती. मारुतचे श्रेय टँक यांना दिले जाते ते यथार्थच आहे. परंतु त्यांना काम करावयास जी भारतीय माणसे आणि जी कर्मशाळा तयार मिळाली, ती तयार करण्यात घाटगे यांनी आधीचे दशक वेचले होते, हे सांगताना आपली दप्तरे कंजूष होतात.

हीच कंजुषी आपण दंतकथांच्या बाबतीत करीत नाही. १८९५ साली शिवकर बापूजी तळपदे यांनी चौपाटीवर विमान उडविले, ही विश्वसनीय पुराव्याविना चालत आलेली कथा आपण उत्साहाने सांगतो; आणि अशा विमानांच्या समर्थनार्थ ज्या ग्रंथाचा दाखला देतात त्यातील विमाने उडण्यास असमर्थ आहेत, असा निष्कर्ष बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच संशोधकांनी १९७४ साली सविस्तर काढला, हे सोयीस्करपणे विसरतो. त्याच संस्थेत घाटगे यांनी विमानविद्या शिकविली होती.

माझे म्हणणे एवढेच, की प्रतिकृती ही आकाराविषयी विश्वासू आणि हवेविषयी बेभरवशाची साक्षीदार आहे, आणि हा भेद ज्याला कळला त्याच्या हाती तिचे शास्त्रीय साधन होते. मराठी शाळांतील विज्ञानशिक्षकांना म्हणून विनंती आहे: पुठ्ठ्याची, लाकडाची, जमेल तशी 'एच टी २'ची एक प्रतिकृती मुलांकडून करवून घ्या, तिचे प्रमाण आणि त्या प्रमाणात येणारे वजन त्यांना स्वतः मांडू द्या, आणि खालच्या पट्टीवर डॉ. विष्णु माधव घाटगे हे नाव स्वच्छ अक्षरांत लिहा.