शुकाची नलिका आणि बोटांची नलिका

दीपावलीच्या सुटीत अमेरिकेहून आलेल्या आमच्या नातवाने लक्ष्मीपूजनाच्या सायंकाळी माझ्यापुढे बांबूच्या रंगीत पट्ट्यांची विणलेली एक नळी धरली आणि म्हणाला, "आजोबा, दोन्हीकडून एकेक बोट घाला." नळी चार-पाच इंच लांब, तर्जनी जेमतेम शिरेल एवढी रुंद. तिकडे मेळ्यांतून हे खेळणे बक्षीस म्हणून वाटतात. 'चायनीज फिंगर ट्रॅप' हे त्याचे नाव. मी बोटे घातली आणि ओढली. ती निघेनात. अधिक जोर करावा तों नळी अधिकच आवळे. घरातील मंडळी हसू लागली. मला मात्र त्याच क्षणी सहा वर्षांपूर्वीचे एक रुग्णालय आठवले.

त्या वर्षी कार्तिकस्नानाच्या पहाटे वाईस कृष्णेच्या घाटावर, शेवाळलेल्या पायरीवर माझा पाय घसरला आणि उजव्या तळहातावर सगळा देहभार आला. मनगटालगतचे हाड मोडून मागे सरकले होते. डब्लिनचे शल्यविशारद अब्राहम कॉलिस यांनी १८१४ साली वर्णिलेला तो हाच अस्थिभंग, असे डॉक्टरांनी सांगितले. हरिदासाचे मनगट गेले म्हणजे झांज गेली! त्या दुःखात असतानाच त्यांनी मनगट बधिर केले, माझी बोटे तारेच्या जाळीच्या नळ्यांत घातली, त्या नळ्या वर खांबाला टांगल्या, कोपर काटकोनात ठेवून दंडावर वजन लोंबकळत सोडले. घाबरून मी हात खाली ओढू लागलो; जाळ्या अधिकच घट्ट बसल्या. "बुवा, हात सैल सोडा, सुटायची धडपड नको," डॉक्टर म्हणाले. काही मिनिटांनी स्नायू थकून ढिले पडले, एकमेकांत रुतलेली हाडे विलग झाली, मग ती हाताने जुळवून प्लास्टर घातले गेले. त्या जाळ्यांना ना गाठ होती, ना चाप. हे कोडे तेव्हा उलगडले नव्हते. ते नातवाच्या खेळण्याने उलगडले.

वाचकांनी घरचा एखादा सुती रुमाल घ्यावा. उभ्या वा आडव्या धाग्यांच्या दिशेने तो फारसा ताणत नाही. परंतु समोरासमोरची दोन टोके धरून तिरका ओढला की लांबतो आणि मध्ये चिंचोळा होतो. धागे ताणले जात नाहीत, त्यांच्यामधील कोन तेवढे बदलतात. बुरुडाच्या सुपात पट्ट्या उभ्या-आडव्या असून काठ पक्का बांधलेला असतो, म्हणून सूप आपला आकार सोडत नाही. या नळीत मात्र पट्ट्या तिरक्या, काही डावीकडून व काही उजवीकडून, नळीभोवती वळसे घेत एकमेकींच्या खालून-वरून जातात, आणि जिथे छेदतात तिथे चिकटवलेल्या नसतात. त्यांच्यामध्ये समभुज चौकोनांची जाळी तयार होते. समजा, अशा एका चौकोनाची बाजू ५ मापांची आहे. तो रुंदीला ८ व लांबीला ६ भरतो. नळी ओढून लांबी ८ केली, की रुंदी ६ वरच येते, कारण बाजू ५ चीच राहते. (शुल्बसूत्रे वाचणाऱ्यास येथे ३-४-५ चा त्रिकोण लगेच दिसेल.) म्हणजे नळीचा घेर चतुर्थांशाने घटला! आत बोट असल्याने तो तितका घटू शकत नाही, म्हणून पट्ट्या बोटाला सर्व बाजूंनी दाबतात. दाबामुळे घर्षण वाढते, आणि जितका हिसका जोराचा तितकी पकड पक्की. विजेच्या जाड केबली ओढून नेताना त्यांच्या टोकावर तारांचा असाच जाळीदार मोजा चढवतात.

ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायातील शुकनलिकेचा दृष्टान्त मी शेकडो कीर्तनांत सांगितला आहे. पोपट नळीवर बसतो, त्याच्या भाराने नळी फिरते, तो उलटा लोंबकळतो आणि आपण पकडले गेलो या भ्रमाने नळीच घट्ट धरून ठेवतो. तेथे बंधन मुळी नाहीच. पाय सोडले की तो मोकळा. बोटांच्या नळीचे तसे नाही. ही खरोखरच धरते, मात्र आपण दिलेल्या बळानेच धरते. आणि नुसते ओढणे थांबवूनही बोट सुटत नाही, कारण आवळलेली वीण आपणहून पूर्ववत रुंदावत नाही. दोन्ही बोटे एकमेकांकडे आत लोटावी लागतात. तेव्हा नळी आखूड होऊन फुगते. मग अंगठा आणि मधल्या बोटाने तिचे तोंड धरून ठेवावे आणि तर्जनी अलगद काढून घ्यावी. दोन्ही नलिका एकाच दृष्टान्तात कोंबण्याचा मोह मला झाला होता. शास्त्राला ते धरून होणार नाही, म्हणून आवरला.

माझे मनगट पुढे जुळले, तरी थंडीत ते थोडे आखडते आणि झांजेचा दुसरा ठोका किंचित उशिरा पडतो. आमचे तबलजी तो सांभाळून घेतात. भाऊबीजेला नातू परत निघाला तेव्हा नळी मागेल असे वाटले होते. त्याने ती माझ्या चिपळ्यांच्या पिशवीत ठेवली आणि पूर्वरंगात सर्वांना दाखवा, असे बजावून गेला.